लुसिटानियाचे पदक, मॉडेल आणि बंदरगावे : हौशी अभ्यासकासाठी सविस्तर मार्गदर्शक

कुनार्ड या ब्रिटिश जहाज-कंपनीच्या लुसिटानिया या प्रवासी जहाजाला पुरते आठ वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. 7 सप्टेंबर 1907 रोजी ते लिव्हरपूलहून न्यूयॉर्ककडे पहिल्या फेरीवर निघाले आणि 7 मे 1915 रोजी दुपारी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने अवघ्या 18 मिनिटांत बुडाले. तरीही त्याची पदके आजही लिलावात येतात, त्याची मॉडेल आजही बांधली जातात आणि स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंड व आइल ऑफ मॅन येथील काही गावे त्याला आपल्या घरचे जहाज मानतात. या वस्तूंचा आणि गावांचा अभ्यास पद्धतशीरपणे कसा करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

हाती वस्तू आली की “ही खरी आहे का?” हा प्रश्न बहुतेकांच्या तोंडी सर्वांत आधी येतो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न असावा. वस्तू कोणी केली आणि कोणासाठी केली, हे दोन प्रश्न आधी विचारले तर तिसऱ्याचे उत्तर पुष्कळदा आपोआप मिळते. लुसिटानियाच्या बाबतीत तर ते फारच खरे आहे, कारण या जहाजाच्या सर्वांत प्रसिद्ध पदकाची “नक्कल” ही स्वतःच युद्धकाळातील अस्सल ऐतिहासिक वस्तू आहे.

पहिली पायरी : जहाजाचा तक्ता तयार करणे

कोणतीही वस्तू पाहण्याआधी एका कागदावर जहाजाची मूळ माहिती लिहून काढावी आणि तो कागद कायम सोबत ठेवावा. बांधणी ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक येथील जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत झाली. 7 जून 1906 रोजी जलावतरण झाले. लांबी 787 फूट, म्हणजे सुमारे 240 मीटर. नोंदणीकृत टनभार 31,550. चार धुराडी, चार प्रोपेलर आणि वाफेची टर्बाइन इंजिने. अटलांटिकवर जर्मन जहाजांनी मिळवलेले वेगाचे श्रेष्ठत्व परत घेण्यासाठी ब्रिटिश सरकारने हे जहाज आणि त्याचे भावंड मॉरेटानिया या दोहोंसाठी कुनार्डला 26 लाख पौंडांचे कर्ज दिले होते. त्या बदल्यात युद्धकाळात ही जहाजे नौदलाच्या उपयोगी पडावीत, अशी अट होती. हे जहाज निव्वळ प्रवासी होते की युद्धाच्या कामाचे, असा जो वाद पुढे पेटला त्याचे एक मूळ या करारात असल्यामुळे ही ओळ तक्त्यातून गाळू नये.

त्याखाली बदलांची यादी करावी. 1909 मध्ये चार पात्यांचे नवे प्रोपेलर आले. टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर लाइफबोटींची संख्या वाढली. सुरुवातीला 16 बोटी होत्या. शेवटच्या फेरीत 22 नेहमीच्या आणि 26 घडीच्या अशा एकूण 48 होत्या. 1913 मध्ये डेकवर तोफांच्या बैठका बसवल्या गेल्या, पण तोफा कधीच चढवल्या गेल्या नाहीत. युद्ध सुरू झाल्यावर कोळसा आणि मनुष्यबळ वाचवण्यासाठी चारपैकी एक बॉयलर-खोली बंद ठेवण्यात आली, त्यामुळे कमाल वेग 25 नॉटच्या आसपास होता तो 21 वर आला.

मृतांच्या आकड्याबद्दल एक सूचना. सर्वाधिक छापला जाणारा आकडा 1,198 आहे, परंतु प्रवासी-याद्यांच्या वेगवेगळ्या तपासण्यांत तो थोडा कमी-जास्त होतो. पदकासोबतच्या पत्रकात, स्मारकाच्या पाटीवर किंवा मॉडेलच्या खोक्यावर दिसणारा आकडा जसाच्या तसा टिपावा. तो “दुरुस्त” करू नये. कोणता आकडा छापला आहे यावरून ती पाटी वा ते पत्रक कोणत्या काळातले आणि कोणत्या माहितीवर आधारलेले, याचा अंदाज येतो.

दुसरी पायरी : छायाचित्रे वाचायला शिकणे

मॉडेल असो वा पदक, तुलनेसाठी छायाचित्र लागतेच, आणि येथेच नवखा अभ्यासक फसतो. लुसिटानिया म्हणून विकली जाणारी अनेक जुनी पोस्टकार्डे प्रत्यक्षात मॉरेटानियाची असतात. मॉरेटानिया इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीकाठी वॉल्सएंड येथे स्वान हंटर अँड विगहॅम रिचर्डसन यांच्या गोदीत बांधले गेले आणि दोन्ही जहाजांचा आराखडा एकच असला तरी वरच्या डेकवरील हवा खेळवण्याच्या नळ्या वेगळ्या होत्या. मॉरेटानियावर मोठ्या, वाकड्या तोंडाच्या, लांबूनही उठून दिसणाऱ्या नळ्यांची दाटी आहे. लुसिटानियावर बुटक्या, डब्यासारख्या, सपाट झाकणाच्या नळ्या आहेत. धुराड्यांच्या पायथ्याशी भिंग लावून पाहिले की बहुतेक वेळा क्षणात निकाल लागतो. पोस्टकार्डावर छापलेल्या नावावर मात्र विसंबू नये, कारण छापखानेवाले एकच चित्र दोन्ही नावांनी खपवत.

दुसरी खोच रंगाची आहे. कुनार्डची धुराडी नारिंगी झाक असलेल्या लाल रंगाची, वर काळी आणि मध्ये काळ्या पट्ट्यांची असत. युद्धकाळात जहाज ओळखू येऊ नये म्हणून ती गडद रंगवण्यात आली. त्यामुळे गडद धुराड्यांचे छायाचित्र दिसले की ते 1915 चे आहे, असा निष्कर्ष पुष्कळजण काढतात. त्या काळातील बऱ्याच छायाचित्रण-काचांना लाल रंगाचे भान नसे. लाल वस्तू त्यांवर जवळजवळ काळी उमटे. म्हणून धुराड्याचा वरचा काळा भाग आणि खालचा भाग यांच्यात जराही फरक दिसतो का, पट्ट्या जाणवतात का, हे पाहावे आणि शिवाय बोटींची संख्या मोजावी. एका खुणेवरून वर्ष ठरवू नये. दोन खुणा जुळल्या की पेन्सिलने लिहावे, तीन जुळल्या की शाईने.

तिसरी पायरी : मॉडेल पाहणे आणि बांधणे

जहाजाची मॉडेल साधारण तीन प्रकारची असतात आणि तिन्हींचे हेतू भिन्न असतात. पहिले गोदीने करवून घेतलेले बांधणी-मॉडेल. ते सहसा पाव इंचाला एक फूट, म्हणजे 1:48 या प्रमाणात असते. लुसिटानिया या प्रमाणात पाच मीटर लांब होईल, यावरून असे मॉडेल घरासाठी नव्हे तर कंपनीच्या दालनासाठी आणि प्रदर्शनासाठी बनत असे, हे उघड आहे. त्यावरील पितळी, सोनेरी वा रुपेरी मुलाम्याचे सुटे भाग पाहून “प्रत्यक्षात असे चकचकीत नव्हते” अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. तो गोदीने आपली कारागिरी मिरवण्याचा भाग आहे. दुसरा प्रकार तिकीट-एजंटांच्या काचेमागे ठेवण्यासाठी कंपनीने दिलेल्या मॉडेलांचा. त्यांत प्रवाशाचे लक्ष जाईल ते सारे ठसठशीत, आणि पाण्याखालचा भाग कित्येकदा नाहीच. तिसरा प्रकार हौशी माणसाच्या हातचा, सुट्या भागांच्या तयार संचातून किंवा लाकडातून घडवलेला.

क्लाइडवर बांधलेल्या जहाजांची मूळ मॉडेल डोळ्यांनी पाहायची असतील तर ग्लासगोचे रिव्हरसाइड म्युझियम हे ठिकाण चुकवू नये. तेथे मॉडेल एका फिरत्या पट्ट्यावरून प्रेक्षकांसमोरून सरकत जातात. बसून पाहावे, आणि एका फेरीत फक्त धुराडी, पुढच्या फेरीत फक्त नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा आकार, असे एकेका अंगावर लक्ष ठेवावे.

स्वतः मॉडेल बांधायचे असेल तर पहिला निर्णय जागेचा. 1:350 या प्रमाणात लुसिटानिया साडेअडुसष्ट सेंटिमीटर भरते, 1:600 मध्ये 40 सेंटिमीटर आणि 1:1200 मध्ये 20. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत पाऊण मीटर लांबीचे काचपेटीबंद जहाज ठेवायला भिंतीवर जागा आहे का, हे संच मागवण्याआधी फूटपट्टीने मोजावे. पेटी जहाजापेक्षा दोन्ही टोकांना किमान चार-चार सेंटिमीटर मोठी लागते. 1:350 मध्ये गुन्झे सांग्यो या जपानी कंपनीचा प्लास्टिकचा संच निघाला होता आणि तो जुन्या मालाच्या बाजारात अधूनमधून येतो. एअरफिक्स या मॉडेल-कंपनीचा 1:600 चा संच मॉरेटानियाचा आहे. त्यातून लुसिटानिया करता येते, पण मग डेकवरील सगळ्या वाकड्या नळ्या काढून त्या जागी सपाट झाकणाच्या नळ्या स्वतः घडवाव्या लागतात. प्लास्टिकच्या गोल सळईचे दीड-दोन मिलिमीटरचे तुकडे कापून त्यांवर किंचित मोठ्या व्यासाची चकती चिकटवली की काम भागते. हे तुकडे एकेक करून कापण्याऐवजी सळई लाकडी खाचेत घट्ट बसवून पात्याला आडकाठी लावावी, म्हणजे सगळे एका उंचीचे निघतात. उंची एकसारखी नसेल तर इतर कितीही सफाई असली तरी डेक वेडावाकडा दिसतो.

दुसरा निर्णय वर्षाचा, आणि तो रंगाची बाटली उघडण्याआधी घ्यावा. 1907 चे जहाज बांधायचे तर लाल धुराडी, 16 बोटी आणि तीन पात्यांचे प्रोपेलर. 1915 चे बांधायचे तर गडद धुराडी, 48 बोटी आणि रंग फासून झाकलेले नाव. शेवटच्या फेरीतील धुराड्यांची नेमकी छटा आणि पट्ट्या दिसत होत्या की नाहीत, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. त्यामुळे आपण कोणता पर्याय का निवडला, हे एका चिठ्ठीवर लिहून ती तळाच्या लाकडी पाटाला चिकटवावी. 1907 ची धुराडी आणि 1915 च्या बोटी असे मिश्रण मात्र करू नये. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तयार शोभेच्या मॉडेलांत नेमके हेच झालेले असते. आणखी एक बारकावा असा, की टायटॅनिकचे चौथे धुराडे बव्हंशी हवा खेळवण्यापुरते होते, लुसिटानियाची मात्र चारही धुराडी खऱ्या बॉयलर-खोल्यांची होती. युद्धकाळात चौथी बॉयलर-खोली बंद असल्याने 1915 च्या देखाव्यात कापसाचा धूर दाखवायचा झाल्यास तो पहिल्या तीन धुराड्यांतूनच निघाला पाहिजे. चारही धुराड्यांतून धूर ओकत अखेरच्या क्षणाकडे निघालेले जहाज चित्रांत फार दिसते.

चौथी पायरी : गोएट्झचे पदक तपासणे

म्युनिकचा पदककार कार्ल गोएट्झ याने ऑगस्ट 1915 मध्ये स्वतःच्या खर्चाने हे उपरोधिक पदक काढले. ते जर्मन सरकारने दिलेले शौर्यपदक नव्हते आणि पाणबुडीच्या खलाशांना ते बहाल झाल्याची कथा खोटी आहे, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे, कारण विक्रेत्यांच्या वर्णनात ही कथा अजूनही सर्रास आढळते.

पदकाच्या एका बाजूस बुडणारे जहाज आहे, त्याच्या डेकवर तोफा आणि विमाने रचलेली आहेत आणि वर “निषिद्ध माल नाही!” अशा अर्थाची जर्मन ओळ आहे. दुसऱ्या बाजूस कुनार्डच्या तिकीट-खिडकीत बसलेला हाडांचा सापळा लोकांना तिकिटे देतो आहे आणि वर “धंदा सर्वांच्या वर” असे लिहिले आहे. रांगेत एक माणूस पाणबुडीच्या धोक्याची बातमी छापलेले वर्तमानपत्र वाचतो आहे. उंच टोपीतला एक दाढीवाला गृहस्थ बोट उंचावून सावध करतो आहे. तो जर्मनीचा अमेरिकेतील राजदूत बर्नस्टॉर्फ असल्याचे मानले जाते, कारण जहाज सुटले त्या 1 मे 1915 च्या सकाळी अमेरिकन वृत्तपत्रांत जर्मन दूतावासाची धोक्याची सूचना छापून आली होती. गोएट्झचा रोख कंपनीच्या हावरेपणावर होता. तोफा आणि विमाने ही त्याची कल्पना. जहाजावर तोफा नव्हत्या. रायफलीची काडतुसे मात्र सुमारे 42 लाख होती, ती मालाच्या यादीतच नोंदलेली होती आणि 2008 मध्ये अवशेषांपर्यंत उतरलेल्या डायव्हरांना ती सापडली. पदकाला नुसते खोटारडे म्हणून बाजूला सारणारा आणि नुसते खरे म्हणून उचलून धरणारा, दोघेही अर्धेच पदक वाचतात.

गोएट्झने जहाज बुडाल्याची तारीख 7 मेऐवजी 5 मे अशी कोरली. ही चूक आपण एका वृत्तपत्रातील बातमीवरून केली, असे त्याने सांगितले आणि पुढे 7 मे अशी दुरुस्त आवृत्तीही काढली. परंतु तोवर पहिल्या आवृत्तीची एक प्रत ब्रिटिशांच्या हाती पडली होती. दोन दिवस आधीची तारीख म्हणजे कट आधीच शिजला होता याचा पुरावा, असा प्रचार त्यांनी सुरू केला आणि नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाच्या पुढाकाराने पदकाच्या नकला काढून त्या एका शिलिंगला एक याप्रमाणे विकल्या. विकल्या गेलेल्या नकलांचा अंदाज अडीच ते तीन लाखांचा आहे. मिळालेले पैसे रेड क्रॉसला आणि अंध सैनिक-खलाशांच्या सेंट डन्स्टन्स या संस्थेला गेले. मूळ जर्मन पदके काही शेकड्यांतच होती. म्युनिक ज्या राज्यात येते त्या बव्हेरियाच्या सरकारला या गोंधळाची झळ इतकी लागली, की 1917 मध्ये त्याने पदकावर बंदी आणून उरलेल्या प्रती जप्त करण्याचा हुकूम काढला.

आता प्रत्यक्ष तपासणी. टेबलावर स्वच्छ मऊ कापड पसरावे, हातांत सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्हर्निअर कॅलिपर, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा व एक लहान चुंबक जवळ घ्यावे. खिडकीचा तिरपा उजेड दिव्यापेक्षा बरा.

पहिल्यांदा जहाजाच्या बाजूची तारीख वाचावी. मे महिन्याच्या नावातील शेवटचे रोमन अक्षर “आय” असेल तर लेखन जर्मन आहे. “वाय” असेल तर नक्कल ब्रिटिश आहे. नक्कल करणाऱ्यांनी बाकीचा सगळा मजकूर जर्मन ठेवून हे एक अक्षर इंग्रजी केले. एवढ्या एका अक्षरावर बहुसंख्य पदकांचा निकाल लागतो. तारीख 7 असेल तर ती गोएट्झची दुरुस्त आवृत्ती किंवा तिची पुढची नक्कल.

मग कड पाहावी. जर्मन मूळ प्रतींच्या कडेवर बहुधा गोएट्झचे नाव ठोकलेले असते. विक्रेत्यांच्या छायाचित्रांत नेमकी कडच दिसत नाही, म्हणून खरेदीआधी कडेची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे मागावीत आणि ती देण्यास टाळाटाळ झाली तर व्यवहार तेथेच सोडावा.

चुंबकाची पाळी त्यानंतर. गोएट्झची मूळ पदके वाळूच्या साच्यात ओतलेल्या ब्राँझची, ब्रिटिश नकला लोखंडाच्या. चुंबक चिकटला तर ब्रिटिश, हा अंदाज बहुधा बरोबर येतो, परंतु थोडी मूळ जर्मन पदकेही लोखंडात निघाली होती आणि नंतरच्या काळात ब्राँझच्या नकलाही झाल्या. म्हणून चुंबक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. अक्षर आणि कड यांच्याशी त्याची साक्ष जुळली पाहिजे.

शेवटी माप आणि बारकावे. पदकाचा व्यास साडेपाच सेंटिमीटरच्या थोडा पुढेमागे असतो. ओतलेल्या पदकावरून पुन्हा साचा घेऊन नक्कल ओतली की धातू थंड होताना आकसतो आणि नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान निघते. म्हणून संग्रहालयाच्या सूचीतील मापाशी आपले माप दशांश मिलिमीटरपर्यंत ताडावे. भिंगाखाली वर्तमानपत्रावरील चिमुकली अक्षरे, सापळ्याच्या बरगड्या आणि लाटांच्या कडा पाहाव्यात. अक्षरे मेणासारखी वितळल्यागत गोलसर असतील, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील किंवा कडेवर आडवी जोडरेषा कानशीने घासल्याच्या खुणा असतील, तर ती नकलेची नक्कल समजावी.

ब्रिटिश नक्कल मूळ खोक्यासह मिळाली तर खोके आणि आतले पत्रक यांना पदकाइतकेच महत्त्व द्यावे. झाकणावर जहाजाचे चित्र असते आणि पत्रकात जर्मनांवर सडकून टीका असते. प्रचारयंत्रणेला हे पदक सामान्य माणसाकडून कसे वाचून घ्यायचे होते, ते या पत्रकातच कळते. माझे मत विचाराल, तर नवख्या संग्राहकाने संशयास्पद “मूळ” जर्मन पदकामागे पैसे घालण्यापेक्षा खोक्या-पत्रकासह चांगल्या अवस्थेतील ब्रिटिश नक्कल घ्यावी. ती स्वस्त पडते आणि तिच्याकडे सांगण्यासारखे अधिक असते.

पाचवी पायरी : बचावाची आणि सेवेची पदके

आइल ऑफ मॅनमधील पील या गावची वाँडरर नावाची शिडाची मासेमारी नौका त्या दिवशी जवळच होती. सात जणांच्या त्या नौकेने सुमारे 160 माणसे वाचवली. मँचेस्टरमधील मॅन्क्स, म्हणजे आइल ऑफ मॅनच्या, रहिवाशांच्या मंडळाने या खलाशांसाठी खास पदक काढले आणि ते आपल्या बेटाच्या पारंपरिक वार्षिक सभेत, टिनवाल्डमध्ये, त्यांना देण्यात आले. गोएट्झचे पदक लाखोंच्या नकलांतून जगभर गेले, तर हे पदक सात घरांपुरते होते. असे पदक विक्रीस दिसले तर आधी संशयच घ्यावा आणि आइल ऑफ मॅनच्या संग्रहालयाकडे चौकशी करावी.

जहाजावरील ब्रिटिश कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना मिळालेली सेवापदकेही लिलावात येतात. पहिल्या महायुद्धातील व्यापारी नौदलाच्या कांस्य पदकाच्या कडेवर खलाशाचे नाव ठोकलेले असते. ते नाव 1915 च्या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या खलाशी-याद्यांशी ताडावे; या याद्या ऑनलाइन विनामूल्य पाहता येतात. केवळ आडनाव जुळणे पुरेसे नाही, पहिल्या नावाची अक्षरेही जुळली पाहिजेत, कारण लिव्हरपूलमध्ये एकाच आयरिश आडनावाचे डझनभर खलाशी सापडतात. मृत कर्मचाऱ्यांची नावे लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर आहेत.

आपल्याकडील वाचकांसाठी एक जोड. त्याच युद्धात ब्रिटिश जहाजांवर मरण पावलेल्या अविभाजित हिंदुस्थानातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर परिसरातील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या घरी पणजोबांच्या पेटीत असे पदक असेल, तर ते चिंच-राखेने घासण्याआधी कडेवरचे नाव वाचून त्याचे छायाचित्र काढावे.

सहावी पायरी : गावे पाहणे

क्रम बांधणीपासून दफनभूमीपर्यंत ठेवला तर समज वाढत जाते. क्लाइडबँकमध्ये जॉन ब्राउनची गोदी आता उरली नाही. 1907 ची टायटन नावाची प्रचंड क्रेन मात्र उभी आहे आणि तीच गावची ओळख झाली आहे. क्वीन मेरी, क्वीन एलिझाबेथ आणि क्वीन एलिझाबेथ 2 (क्यूई-2) ही जहाजेही येथलीच असल्याने लुसिटानियाचा अभिमान येथे कारागिराचा आहे; शोकाचा सूर कमी ऐकू येतो.

लिव्हरपूलचे तसे नाही. हे जहाजाचे घरचे बंदर. कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळजण गोदीलगतच्या वस्त्यांतले होते. बातमी आल्यावर तेथे जर्मन आडनावांच्या दुकानांवर दंगलखोर तुटून पडले, हाही त्या आठवणीचाच भाग आहे आणि स्थानिक इतिहास वाचताना तो वगळू नये. 1982 मध्ये अवशेषांतून काढलेल्या प्रोपेलरांपैकी एक अल्बर्ट डॉकच्या परिसरात उघड्यावर मांडला आहे. दुसरा अमेरिकेतील डॅलस शहरातल्या एका हॉटेलात आहे आणि तिसरा वितळवून त्यापासून गोल्फच्या काठ्या बनवण्यात आल्या. लिव्हरपूलच्या प्रोपेलरला हात लावता येतो. 7 मे रोजी त्याच्याजवळ स्मरणसभा होते. कुनार्ड कंपनीची कागदपत्रे लिव्हरपूल विद्यापीठाच्या संग्रहात असून ती पाहण्यासाठी आधी पत्रव्यवहार करून वेळ ठरवावी लागते. संग्रहालयांची दालने नूतनीकरणासाठी दीर्घकाळ बंद राहू शकतात, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ती उघडी असल्याची खात्री करावी.

आयर्लंडमध्ये निदान तीन ठिकाणे पाहावीत. कोव या बंदरात, ज्याचे नाव तेव्हा क्वीन्सटाउन होते, वाचलेले आणि मृत अशा दोघांनाही आणले गेले. गावाच्या चौकात जेरोम कॉनर या शिल्पकाराचे स्मारक आहे. देवदूताच्या पायाशी दोन दमलेले कोळी उभे आहेत, कारण बचावाला धावले ते कोळीच. कॉनर 1943 मध्ये वारला आणि काम त्याच्या पश्चात 1968 मध्ये पूर्ण झाले. गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत दीडशेहून अधिक मृतांना पुरले आहे, त्यांतील बहुतेकांना तीन सामुदायिक खड्ड्यांत. किन्सेल येथे काही मृतांबाबत कोरोनरची, म्हणजे मृत्यूचे कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी झाली. तिसरे ठिकाण ओल्ड हेड ऑफ किन्सेल हे भूशिर; त्याच्यापासून साधारण 18 किलोमीटरवर सुमारे 93 मीटर खोल पाण्यात जहाज उजव्या कुशीवर पडलेले आहे. तेथील जुन्या टेहळणी बुरुजात स्थानिक लोकांनी संग्रहालय उभारले असून अवशेषांची मालकीही 2019 मध्ये त्यांच्याकडे देण्यात आली. जवळच्या कोर्टमॅकशेरी गावची बचावनौका त्या दिवशी वारा पडलेला असल्याने वल्ह्यांवर गेली, पोहोचेपर्यंत जिवंत माणूस उरला नव्हता. गावकरी ती हकीकत आजही सांगतात. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्या परवानगीने टिपावेत आणि नोंदीत “ऐकीव” व “छापील” हे दोन रकाने वेगळे ठेवावेत.

सातवी पायरी : साठवण, नोंद आणि कायदा

लोखंडी ब्रिटिश पदकाचा आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. ते मऊ प्लास्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नये. त्यातून झिरपणारी द्रव्ये धातू खातात. कडक, निष्क्रिय प्लास्टिकची डबी घ्यावी, हवाबंद खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्या महिन्याला बदलाव्यात वा वाळवाव्यात. मूळ पुठ्ठ्याचे खोके आणि पत्रक पदकापासून वेगळे, आम्लमुक्त कागदात ठेवावे. पदक कोणत्याही पॉलिशने घासू नये. ब्राँझवरची तपकिरी झाक एकदा गेली की परत येत नाही. मॉडेलला ऊन आणि धूळ दोन्ही बाधतात, म्हणून काचपेटी खिडकीसमोर नको.

प्रत्येक वस्तूसाठी एक पान ठेवून त्यावर माप, वजन, धातू, तारखेतील अक्षर, कडेचे वर्णन, कोणाकडून व कधी घेतली, पावती क्रमांक आणि दोन्ही बाजू व कड यांची छायाचित्रे नोंदवावीत. परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा. वस्तू भारतात आल्यावर ती पुन्हा परदेशी विकण्याचा विचार असेल, तर 1972 चा पुरावशेष व कलानिधी कायदा आधी समजून घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि 1915-16 च्या पदकाने ती मर्यादा ओलांडली आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि आलेले उत्तर त्याच पानाला टाचून ठेवावे.